येणारा मेसेज फुकट असतो

२ मार्च

अहो,

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तुम्हाला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. मायना काय घालावा यातच चहा गार झाला. 'प्रिय' लिहिलं, खोडलं, नवा कागद घेतला. तर असो.

मी सुखरूप पोचले. पत्र का, फोन का नाही, असं तुमच्या मनात येणारच. सांगते. विमानातून उतरून फोन चालू केला तर टिंग टिंग करत मेसेज आले. पहिल्यात या देशात स्वागत, दुसऱ्यात दर. बोलायचे इतके, ऐकायचे इतके, मेसेज पाठवायचे इतके, आणि डेटाचा आकडा तर असा की मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. ऐकायचे पैसे, अहो! माझा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेला. 'तीन मिनिटं झाली, वाढवू का?' असं दिवसभर लोकांना विचारायचे. फोन लावतो त्याचे पैसे लागतात, एवढं मला ठाऊक होतं. नुसता कान लावल्याचे लागतात हे या वयात शिकले. त्यात निघताना तुम्ही बजावलं होतंत, "सिम माझ्या नावावर आहे, बिल मलाच यायचंय, जरा बेतानं." म्हणून फोन बंद केला आणि कपाटात पोलक्यांच्या खाली ठेवून दिला.

आपल्या लेकीच्या फोनवरून बोल म्हणाल, तर डॉक्टरांनी बबडीला स्क्रीन कमी बघायला सांगितलंय, डोळ्यांवर ताण येतो. ती तुम्हाला अधूनमधून दोन ओळी पाठवते तेवढ्यावर भागवा. एरवी मजेत आहे. सातवा संपत आला, विश्रांती घेते, चेहऱ्यावर तेज आहे. जावईबापूंचं जहाज एप्रिलअखेरीपर्यंत काही परत येत नाही.

बबडीची खोली वरच्या मजल्यावर आहे. जिना इतका अरुंद की माझी बॅग आडवी करून न्यावी लागली. खिडकीतून मोठी नदी दिसते. खाली घरमालकीण राहते, माझ्यापेक्षाही म्हातारी. तिच्याकडे इंटरनेट नाही, भिंतीवर टांगलेला फोन आहे. आम्ही दोघी हातवारे करून गप्पा मारतो.

तुम्ही फोन करू नका, लागणारच नाही. पत्र लिहा. छातीच्या गोळ्या वेळेवर घ्या आणि दुकानात उभ्यानं कापड कापत बसू नका, गेल्या वर्षी डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवा.

— मी


१३ मार्च

अगं,

तुझं पत्र काल दुकानात आलं. पोस्टमननं विचारलं, "मास्तर, परदेशाहून कोणाचं?" मी म्हटलं, "बायकोचं." तो गालातल्या गालात हसत गेला.

आधी एक गोष्ट. बिलाचं ते मी गमतीनं बोललो होतो. तू पायरी उतरत होतीस, सांगायचं वेगळंच होतं आणि तोंडातून निघालं ते बिल. माझं हे असंच. कापड समोर असलं की हात बरोबर चालतो, माणूस समोर असलं की टीप वाकडी जाते.

तू गेल्यापासून मी तुला ॲपवर मेसेज करत होतो. प्रत्येकासमोर एकच बरोबरची खूण. शेवटी फोन घेऊन शेजारच्या रिचार्जवालीकडे गेलो. ती गिऱ्हाइकाच्या फोनला काच बसवत होती. मी विचारलं, "एक खूण म्हणजे रागावली का?"

ती म्हणाली, "काका, एक खूण म्हणजे पोचला नाही. रागावल्याची खूण कंपनीनं अजून काढलेली नाही."

मग तिनं मला स्टुलावर बसवलं आणि पोराला पाढे शिकवावेत तसं शिकवलं. मी तुला तसंच सांगतो, माझंही पाठ होईल. फोन वेगळा आणि डेटा वेगळा. आपण समजतो तसा तो एकच कपडा नाही, अस्तर वेगळं असतं. ॲपवरचे मेसेज, फोटो, व्हिडिओ हे सगळं डेटावर चालतं. शिवाय आपण हात न लावता फोन स्वतःच आतल्या आत काहीबाही उतरवून घेत बसतो. महागात पडतं ते हे. म्हणून फोन चालू केलास की आधी सेटिंगमध्ये जा, मोबाइल नेटवर्क म्हणून असेल तिथे 'डेटा रोमिंग' शोध आणि त्याचं बटण बंद कर. राखाडी दिसलं म्हणजे बंद. आता फोन कितीही वेळ चालू राहिला तरी डेटाचा एक थेंब गळत नाही.

कोणाचा फोन आला आणि उचललास तर मात्र पैसे पडतात. म्हणून मी तुला फोन करणार नाही. मी साधा मेसेज करीन, ॲपवरचा नव्हे, जुन्या पद्धतीचा. आणि येणारा साधा मेसेज फुकट असतो. हे वाक्य तिनं माझ्याकडून पुन:पुन्हा म्हणवून घेतलं. तरी मी कंपनीला फोन करून खात्री केली, आपल्याला तो फुकटच आहे. शिवाय मी त्या देशाचं एक पॅक घेतलंय, त्यात थोडं बोलणं आणि तू पाठवशील ते मेसेज बसतात. तिथलं सिमकार्ड घेणं स्वस्त पडतं म्हणाली, पण कागदपत्रं मागतात, भाषेची अडचण, तू कुठे एकटी हिंडणार.

तेव्हा माझं एवढं ऐक. फोन कपाटातून काढ आणि चोवीस तास चालू ठेव. आवाज मोठा ठेव. घराबाहेर पडशील तेव्हा बरोबर ने. आणि तुझा नंबर, पुढे आपल्या देशाचा कोड लावून, जिथे जिथे द्यायचा तिथे देऊन ठेव. घरमालकिणीला दे, दवाखान्यात दे. बाळंतपणाचे दिवस आहेत, कोणाला कधी तुझी गरज लागेल सांगता येत नाही.

तुला बोलावंसं वाटत नसेल तर बोलू नकोस. नुसतं 'ठीक' एवढं टाकलंस तरी मला पुरे.

गोळ्या घेतो. कापड बसून कापतो.

— तुझा


२४ मार्च

अहो,

फोन काढला. राखाडी बटण दोनदा तपासलं आणि मग खाटेवर ठेवून लांबून बघत बसले, जसा काही तो चावणारच होता.

मग तुमचे मेसेज आले. जुने बहुतेक वाटेत गळाले असतील, तरी शेवटच्या दोन दिवसांचे धडाधड पडले. 'जेवलीस?' 'आज एक कोट आला, बाह्या आखूड करायच्यात.' 'पाऊस नाही.' 'हा मेसेज फुकट आला का कळव.' आणि लगेच खाली, 'नको कळवू, त्याला पैसे पडतात.' मी एकटीच खोलीत हसत सुटले. घरमालकीण वर आली. तिला वाटलं मी रडतेय. थोडं तेही होतंच.

तुम्ही समोरासमोर दिवसाकाठी चार वाक्यं बोलत नाही आणि इथे सकाळ-दुपार-संध्याकाळ पाठवताय. आधी का नाही सुचलं आपल्याला? तुम्ही दुकानातून मला स्वयंपाकघरात मेसेज करायला हवे होते.

बबडी मजेत आहे. तिची पथ्यं चालू आहेत. मी रोज तिच्यासाठी उकळून गाळलेलं पाणी, मऊ टॉवेल वगैरे करते, दिवस कसा जातो कळत नाही. ती तुमची आठवण काढते. तुम्ही तिला सारखे काही विचारू नका, तिला झोप हवी.

एक गंमत झाली, तेवढी रिचार्जवालीला विचारा. मी टेबलाशी बसले की फोनवर या देशाच्या कंपनीचं नाव दिसतं. खिडकीत फुलदाणीजवळ ठेवला की दुसरंच नाव येतं, आणि काल तर मेसेज आला, 'आमच्या देशात आपलं स्वागत.' अहो, मी जागची हललेसुद्धा नाही! नदीच्या पलीकडे दुसरा देश आहे म्हणे. मी पासपोर्ट न दाखवता फुलदाणीपर्यंत परदेशी जाऊन आले. याचे पैसे पडतात का?

— मी


३ एप्रिल

अगं,

तुझं पत्र वाचल्या वाचल्या 'खिडकीत फोन ठेवू नकोस' असा मेसेज टाकला होता, तो मिळाला असेल. आता सविस्तर.

रिचार्जवालीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "काका, पॅक अलीकडच्या देशाचं आहे. पलीकडचा टॉवर पकडला की पॅक नसल्यासारखंच, सुट्टा दर लागतो." फोनला बिचाऱ्याला सरहद्द कळत नाही, ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो. पाण्यावरून तर आवाज आणखी लांबून येतो. मग तिनं दुकान अर्धं लोटलं आणि आम्ही दोघांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत ऐकलं. शेवटी एक बाई आली, आवाज गोड, पण माझं ऐकून घ्यायच्या आत "आणखी काही मदत?" रिचार्जवालीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "मॅडम, यांच्या मुलीचं बाळंतपण परदेशात आहे, जरा दमानं घ्या." ती बाई एकदम बदलली. तिनं स्वतःच्या भाचीच्या बाळंतपणाची हकिगत सांगितली आणि मग सगळं नीट समजावलं.

तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'आपोआप निवडा' असं असतं, ते बंद कर. मग आसपासच्या कंपन्यांची नावं दिसतील. टेबलाशी बसलीस की जे नाव दिसतं, त्यावर बोट ठेव. आता फोन पलीकडे जाणार नाही. फक्त लक्ष ठेव, एखाद्या जागी अलीकडचा टॉवर अगदीच मिळेनासा झाला तर फोन मुका होईल, तेव्हा तिथे फार वेळ थांबू नकोस. आणि मी आपल्या नंबरावर खर्चाची मर्यादाही घालून घेतली आहे. तिच्यापुढे डेटा आपोआप तुटतो. आता तू चुकलीस तरी चुकून चुकून किती चुकशील?

आणखी एक. मोठ्या दवाखान्यात, वाचनालयात वगैरे फुकट वाय-फाय असतं म्हणे. रोमिंग बंदच ठेवून ते जोडलं की ॲप, व्हिडिओ सगळं चालतं. कधी तशा ठिकाणी गेलीस तर तिथल्या माणसाला विचार, लाजू नकोस.

स्वतःही थोडी झोप. सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर पडलंय, हे मला कळतं.

— तुझा


१५ एप्रिल

अहो,

'मुलगी झाली, दोघी सुखरूप' हा मेसेज तुम्हाला गेला. तुमचा उलट मेसेज आला तो नुसता मोकळा, त्यात एक अक्षर नाही. मी ओळखलं, घाईत आधी बटणच दाबलं असणार.

आता मेसेजात मावत नाही ते लिहिते. मी तुमच्याशी खोटं बोलले.

बबडी घरी नव्हतीच. मी आले त्याच्या आदल्या आठवड्यातच तिला दवाखान्यात ठेवलं होतं. रक्तदाब चढत होता, हात-पाय सुजले होते, डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टर म्हणत होते, जितके दिवस निघतील तितके काढू, पण केव्हाही बाळ बाहेर काढावं लागेल. ती म्हणाली, "बाबांना सांगू नकोस, त्यांच्या छातीला झेपणार नाही." मलाही तेच वाटलं. फोन बंद ठेवायला दर हे निमित्त झालं, अहो. खरं म्हणजे तुम्ही नुसतं 'हॅलो' म्हटलं असतंत तरी मी फुटले असते. जन्मभर इतरांचे आवाज जोडून दिले, पण स्वतःचा आवाज सांभाळणं मला कधी जमलं नाही. मेसेज सुरू झाले तेव्हा हायसं वाटलं ते त्यामुळेच. बोटांना रडू येत नाही.

दवाखान्यात मी आधी घरमालकिणीचा नंबर दिला होता. तुमचं पहिलं पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी जाऊन माझा दिला, तुम्ही सांगितलात तसा, पुढे कोड लावून. नर्सनं तो मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिला.

परवा दुपारी मी कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानात होते. नाणी टाकून चालतात तशी यंत्रं, सगळी एकदम घरघरत होती. बबडीचे गाऊन आत फिरत होते. घरमालकीण त्या वेळी तिच्या बहिणीकडे गेली होती, घराला कुलूप. आणि माझ्या पिशवीत फोन वाजला. आवाज मोठा ठेवला होता म्हणून त्या गोंगाटातही ऐकू आला. नर्स होती. तिचं बोलणं मला निम्मंच कळलं, पण 'लगेच या' एवढं कोणत्याही भाषेत कळतं. गाऊन तसेच फिरत ठेवून मी धावले. रस्त्यात एका बाईला फोनवरचा दवाखान्याचा पत्ता दाखवला, तिनं मला स्वतःच्या गाडीत घातलं.

बबडीला ऑपरेशनसाठी नेतच होते. खाटेची चाकं फिरायला लागली होती. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "आई, आलीस. मला वाटलं तुला कोणी सांगितलंच नसेल." मी म्हटलं, "बाबांनी फोन चालू ठेवायला लावला ना." ती हसली. दारापर्यंत माझा हात धरून होती. आत जाताना तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग दार बंद झालं. त्या बाकावर मी काय काय केलं ते विचारू नका. तुम्हाला मेसेज लिहायला घेतला आणि पुसला, पुन्हा लिहिला आणि पुसला. शेवटी हिरव्या कपड्यातला डॉक्टर बाहेर आला, त्यानं तोंडावरचा मास्क खाली ओढला, आणि तो हसत होता.

नात लहानखुरी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. पण स्वतःचा श्वास स्वतः घेते. भुवया तुमच्या आहेत, आठ्यांसकट. बबडीचा रक्तदाब उतरायला लागलाय, काल तिनं पातळ पेज मागून घेतली. नर्सनं मला वाय-फाय जोडून दिलं आणि आम्ही जावईबापूंना बाळ दाखवलं. मागे समुद्र, पुढे ते रडतायत. त्यांच्या जहाजाचा कप्तानसुद्धा डोकावून गेला.

रागावा. रागावायचा हक्क आहे तुमचा. पण आधी एक गोळी घ्या, मग रागावा.

— मी


२६ एप्रिल

अगं,

गोळी घेतली. आता ऐक, तुझीही पाळी आहे.

मला माहीत होतं.

तुझं पहिलं पत्र यायच्या आधीच जावईबापूंचा दुकानातल्या फोनवर फोन आला होता. जहाज कुठल्याशा बंदरात थांबलं होतं. ते म्हणाले, "आईंनी सांगितलंच असेल, तिला ॲडमिट केलंय." माझ्या हातात कात्री होती, ती खाली ठेवली. म्हटलं, "हो हो, सांगितलंय, तुम्ही काळजी करू नका." मग तुझं पत्र आलं, चेहऱ्यावर तेज आहे वगैरे. ते वाचून मला कळलं, तू माझ्या छातीसाठी हे सगळं एकटी वाहतेयस. मी 'मला माहीत आहे' म्हटलं असतं तर तुला दोन दोन माणसांची काळजी लागली असती. मी दुसरं काय करू शकत होतो? एवढ्या लांबून तुझा फोन तेवढा चालू ठेवू शकत होतो. म्हणून रिचार्जवालीच्या स्टुलावर जाऊन बसलो. बिलाचं बोलणं, रागावल्याची खूण, ते सगळं खरंच होतं, पण शिकायची घाई होती ती वेगळ्याच कारणानं.

आणि मीही एक लपवलंय. पहिल्याच दिवशी तू फोन बंद करायच्या आत त्यानं आपण होऊन कोणाकोणाच्या लग्नाचे फोटो परक्या देशात उतरवून घेतले होते. त्याचं बिल आलं. भरून टाकलं. सांगितलं असतं तर फोन पुन्हा पोलक्यांखाली गेला असता.

छातीचं म्हणशील तर मी डॉक्टरांकडे जाऊन आलो. सगळं ऐकून, तपासून ते म्हणाले, "मास्तर, महिनाभर एवढं पोटात ठेवलंत आणि हृदय ठणठणीत आहे. पुढच्या खेपेला बायकोला सांगा, तुमच्यापासून काही लपवायची गरज नाही."

मुलगी झाल्याचा मेसेज आला तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं होतं, माप अर्धं घेतलेलं. मी टेप त्याच्या गळ्यात तसाच सोडून रिचार्जवालीकडे गेलो. ती वाचून ओरडलीच. तुला तो मोकळा मेसेज तिच्याच काउंटरवरून गेला. मला लिहायचं होतं पुष्कळ. मला पहिलं अक्षरच सापडेना.

— तुझा


७ मे

अहो,

तुमचं पत्र दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभ्यानं वाचलं. 'मला माहीत होतं' इथे आले आणि असा राग आला म्हणून सांगू! मी त्या बाकावर एकटी बसून कुढत होते, आणि तुम्ही तिकडे सगळं जाणून कोटाच्या बाह्या आखूड करत होतात! पत्र पर्समध्ये कोंबलं आणि वर गेले. पाळण्याशेजारच्या खुर्चीत बसले ती बसल्या जागी झोपले. भर दुपारी, तोंड उघडं टाकून. आल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती. उठले तर बबडी माझ्याकडे बघून हसत होती. म्हणाली, "आई, तू घोरत होतीस आणि बाळ टकामका बघत होतं." राग कुठे गेला कोण जाणे, शोधला तरी सापडला नाही.

काल दोघींना घरी सोडलं. त्या अरुंद जिन्यावरून बाळाला कोणी न्यायचं यावर जावईबापू आणि घरमालकीण यांच्यात जुंपली, म्हातारी जिंकली. बाळ चांगलं भरायला लागलंय. भूक लागली की सगळ्या घराला कळतं, सध्या आमच्यात सगळ्यात मोठा आवाज तिचाच आहे. बबडी भिंत न धरता चालते. जावईबापूंनी येताच घरात इंटरनेट घेतलं, तेव्हा आता पॅक नको, टॉवर नको, मर्यादा नको. रिचार्जवालीला माझ्याकडून सांगा, आल्यावर पहिली तिच्याकडेच येणार.

हे पत्र हातात पडलं की 'पोचलं' एवढा मेसेज करा. मी लगेच फोन लावीन. बाळाला बघायचं असेल तर रिचार्जवालीला बरोबर घेऊन बसा, ती व्हिडिओ लावून देईल. पण आधी जरा वेळ आपण नुसते बोलू. दोन महिने तुमची अक्षरं वाचली, आता मला तुमचा आवाज ऐकायचाय. आणि तुम्ही पोटभर विचारा काय विचारायचं ते. आता माझा आवाज फुटला तरी चालेल.

— तुमचीच